ड्रममागची जागा

कीथ मून हा 'द हू' या लंडनच्या रॉक बँडचा पहिला ड्रमर नव्हे. त्याच्याआधी त्या स्टुलावर डग सँडम बसायचा. बाकीचे तिघे विशीच्या आतबाहेरची पोरं; सँडम त्यांच्याहून बराच मोठा, बायको-संसार असलेला, दिवसभर विटा रचून संध्याकाळी वाजवायला येणारा गवंडी. १९६४ च्या वसंतात फोन्टाना या रेकॉर्ड कंपनीने बँडची चाचणी घेतली. निर्मात्याला ड्रम पटले नाहीत. गिटारवाला पीट टाउनशेंडच सँडमवर डाफरला, बाजू कुणी घेतली नाही, आणि सँडम बँड सोडून गेला. काही आठवड्यांत सतरा वर्षांचा मून त्या जागी आला. पुढे रॉकमधले ड्रमर म्हटलं की जी दोन-चार नावं तोंडात येतात, त्यांत त्याचं नाव कायमचं बसलं. सँडम २०१९ पर्यंत जगला. 'द हू'च्या एकाही अल्बमवर त्याचं वाजवणं नाही. तरीही या बँडची गोष्ट सँडमपासून सांगावी असं मला मनापासून वाटतं, कारण उरलेल्या तिघांना एकमेकांबरोबर वाजवायची सवय लागली ती त्याच्या ठेक्यावर.

घोडेगावात राहून लंडनच्या या गवंड्याची आठवण काढायला तसं कारण आहे. आमचं गाव कांद्याच्या लिलावाचं, म्हशींच्या बाजाराचं आणि शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांच्या वळणाचं. इथून नगरला निघालं की पांढरीपूल, इमामपूरचा घाट, जेऊर आणि मग शेंडी. शेंडीहून वांबोरीच्या रस्त्याला लागलं की पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझाद आहे. ३१ जानेवारी १९६९ ला मेहेरबाबांनी तिथे देह ठेवला. त्यांची समाधी नगरच्या दुसऱ्या अंगाला, दौंड रस्त्यावर अरणगावच्या टेकडीवर, मेहेराबादला. नगर जिल्ह्यातल्या माणसाला ही नावं रोजच्या वापरातली आहेत. त्यांच्या पुण्यतिथीला, म्हणजे अमरतिथीला, जगभरची माणसं अरणगावला उतरतात, हेही आम्ही लहानपणापासून पाहत आलो. कॉलेजला असताना नगरच्या जुन्या बाजारात 'द हू'च्या 'टॉमी' या अल्बमची कॅसेट हाती लागली. पुढे त्या अल्बमच्या श्रेयनामावलीत, गायक-वादक-तंत्रज्ञांच्या बरोबरीने, 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे हे वाचलं, तेव्हा तो बँड माझ्यापुरता शेजारगावचा झाला. कांद्याच्या चाळीत रात्री राखणीला असताना मी तो इतका ऐकला आहे, की आजही बल्बचा पिवळा उजेड आणि कांद्याच्या पातीचा वास आला की माझ्या कानात आधी 'द हू'च्या जॉन एंटविसलचा बेस सुरू होतो.

बँडचं आधीचं नाव 'द डिटूर्स'. तो उभा केला रॉजर डाल्ट्रीने, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टन भागात, आणि तेव्हा तो गात नसे, गिटार वाजवायचा. जॉन एंटविसलला त्याने बेससाठी घेतलं, एंटविसलने आपल्या शाळासोबत्याला, टाउनशेंडला, ओढून आणलं. गायक कॉलिन डॉसन सोडून गेला तेव्हा डाल्ट्रीने गिटार खाली ठेवली आणि माईक धरला. म्हणजे ज्या आवाजावर पुढे सगळं उभं राहिलं तो आवाज एकाच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागेवर आला. १९६४ च्या सुरुवातीला नाव 'द हू' झालं, मग पीटर मेडन नावाच्या व्यवस्थापकाच्या आग्रहाने काही महिने 'द हाय नंबर्स', एक तबकडी निघाली, पडली, आणि त्याच वर्षअखेर पुन्हा 'द हू'. एका वर्षात तीन पाट्या आणि दोन ड्रमर. सुरुवातीच्या दिवसांत असंच असतं. कोण टिकणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं, आणि नंतर इतिहास लिहिणारे जणू चौघे जन्मतःच एकत्र होते अशा थाटात लिहितात.

पहिला अल्बम 'माय जनरेशन', डिसेंबर १९६५. निर्माता शेल टाल्मी. घाईत ध्वनिमुद्रित केलेला, अर्धाअधिक अमेरिकन रिदम-अँड-ब्लूजच्या वळणाचा. त्याच वर्षी डाल्ट्रीने मूनच्या नशेच्या गोळ्या संडासात ओतून टाकल्या, हाणामारी झाली, आणि ज्याने बँड काढला त्यालाच बाकीच्यांनी बाहेर काढलं. वागणूक सुधारण्याच्या अटीवर तो परत आला. हे सारं त्या अल्बमच्या आवाजात ऐकू येतं असं मी म्हणेन. चौघेही एकमेकांना ढकलत पुढे जायला बघतात. शीर्षकगीतात तर गिटारचा सोलो असायला हवा तिथे एंटविसलने बेसवर तान घेतली आहे, आणि शेवटी मून सगळं पाडून टाकतो की काय अशी धास्ती वाटते. टाल्मीशी नंतर कराराचं भांडण जुंपलं. मूळ फिती त्याच्याकडे राहिल्या, आणि हा अल्बम नीट स्टीरिओत यायला २००२ साल उजाडलं. सदतीस वर्षं पहिल्या अल्बमचं मूळ एका पेटीत बंद राहतं, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरा अल्बम, 'अ क्विक वन', १९६६ चा. संगीत-प्रकाशकाकडून पैसे मिळावेत म्हणून ठरलं की चौघांनीही गाणी लिहायची. ज्याने कधी ओळ लिहिली नव्हती त्यालाही बसवलं. गुणवत्तेने हा अल्बम खालीवर आहे, पण मला तो फार प्रिय आहे, कारण एंटविसलच्या आतला गीतकार त्यात पहिल्यांदा बाहेर आला. 'बोरिस द स्पायडर' हे कोळ्यावरचं गाणं त्याचं. आणि शेवटची जागा भरायला टाउनशेंडने सहा तुकडे जोडून नऊ मिनिटांची एक कथाच लिहिली. तीन वर्षांनी आलेल्या 'टॉमी'चं बी तिथे आहे. १९६७ चा 'द हू सेल आउट' तर खोट्या जाहिराती मधेमधे पेरून रेडिओ स्टेशनसारखा रचला. दरवर्षी एक, आणि दरवर्षी वेगळी वाट. चौघं तीच होती म्हणूनच त्यांना इतकं भटकता आलं असावं. वाट चुकली तरी घरी कोण भेटणार ते पक्कं होतं.

मूनच्या वाजवण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सर्वसाधारण रॉक बँडमध्ये ड्रमर आणि बेसवाला मिळून लय धरतात आणि गिटार त्यावर खेळते. 'द हू'त उलटं होतं. मून गाण्याच्या ओळीबरोबर ड्रमवर बोलत सुटायचा, झांजा आणि टॉम-टॉम यांचा पूर वाहायचा. एंटविसल बेसवर प्रमुख वाद्य असल्यासारखा फिरायचा. आणि टाउनशेंडची गिटार खाली लय सांभाळत उभी असायची. आमच्या भजनी मंडळात ज्यांनी टाळ धरलेत त्यांना हे चटकन कळेल. टाळकरी चाल सोडत नाहीत, म्हणून तर मृदंगवाल्याला मोकळं सुटता येतं. आणि मृदंगवाला बदलला की टाळकऱ्यांचे हातही नकळत बदलतात, कुणी काही सांगत नाही तरी. टाउनशेंडचं ते प्रसिद्ध हात गरगरा फिरवून तारा छेडणं लोक तमाशा म्हणून बघतात. मला त्यात पूर आलेल्या नदीत खांब धरून उभा राहिलेला माणूस दिसतो.

१९६७ मध्ये चित्रकार माइक मॅकइनर्नी याच्याकडून टाउनशेंडला मेहेरबाबांची ओळख झाली. हाच मॅकइनर्नी पुढे 'टॉमी'चं मुखपृष्ठ काढणारा. बाबांचा जन्म पुण्याचा, २५ फेब्रुवारी १८९४ चा, इराणी कुटुंबातला. मेहेराबादची वस्ती १९२३ पासूनची. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं ते अखेरपर्यंत, जवळजवळ ४४ वर्षं. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून, आणि १९५४ नंतर नुसत्या हाताच्या खुणांनी ते बोलायचे. आणि त्यांच्या नावाने पहिला मोठा संगीतग्रंथ रचला कुणी, तर ज्या बँडची पुढे १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर १२६ डेसिबल आवाजाची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली, त्याने. यात मला विसंगती वाटत नाही. 'टॉमी' ही आंधळ्या, मुक्या, बहिऱ्या पोराची गोष्ट आहे. त्याला जग कळतं ते कंपनांतून, स्पर्शातून. बोलणं बंद असलेल्या माणसाला आत किती ऐकू येत असेल, हा प्रश्न टाउनशेंडला अरणगावच्या मौनाने दिला अशी माझी समजूत आहे. बाबा गेले जानेवारीत, 'टॉमी' आला मे १९६९ मध्ये. त्यांनी तो ऐकला नाही.

बाबांची ओढ टाउनशेंडची एकट्याची होती. बाकी तिघं त्या वाटेला गेले नाहीत. पण त्याच्या श्रद्धेचं ओझं त्यांनी वाहिलं, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. डाल्ट्रीला त्याचा खरा आवाज 'टॉमी'च्या भूमिकेत सापडला. कथेतल्या सर्वांत काळ्या दोन प्रसंगांची गाणी टाउनशेंडला स्वतःला लिहवेनात, ती एंटविसलने लिहून दिली. विश्वास एकाचा आणि हात चौघांचे, असं बाहेरच्या जगात फार क्वचित घडतं.

टाउनशेंड १९७२ साली नगरला आला. आमच्याकडे बहात्तर म्हटलं की दुष्काळ. त्या वर्षाच्या आठवणी म्हणजे खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोच्या भाकरी. घरातल्या थोरांकडून मी तेवढंच ऐकत आलो. त्याच साली इंग्लंडचा एक गाजलेला गिटारवाला अरणगावच्या टेकडीवर डोकं टेकवून गेला, हे मी आमच्या घरातल्या थोरांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. समाधीला कोणीही यावं, असंच त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी त्याचा पहिला एकट्याचा अल्बम, 'हू केम फर्स्ट', निघाला. बाबांच्या भक्तांपुरत्या काढलेल्या खासगी तबकड्यांच्या चोरट्या प्रती विकल्या जाऊ लागल्या होत्या, त्यातून तो जन्मला. त्यातलं 'परवरदिगार' हे बाबांनी दिलेल्या प्रार्थनेवरून बांधलेलं आहे. त्याच अल्बमवर रॉनी लेनचं एक गाणं आहे. लेन हाही बाबांचा भक्त आणि 'स्मॉल फेसेस' बँडचा बेसवादक. त्या बँडचा ड्रमर होता केनी जोन्स. हे नाव लक्षात ठेवावं लागतं.

कारण ७ सप्टेंबर १९७८ ला मून गेला. वय ३२. दारू सोडण्यासाठी दिलेल्या गोळ्याच जास्त झाल्या. त्या जागेवर बँडने केनी जोन्सला बसवलं. जोन्स चांगला वादक, घड्याळासारखा पक्का. पण 'द हू'त घड्याळाचं काम टाउनशेंड करत होता. आता लय धरणारे दोघं झाले आणि मोकळं सुटणारं कुणी उरलं नाही. १९८१ चा 'फेस डान्सेस' आणि १९८२ चा 'इट्स हार्ड' ऐकताना गाणी वाईट वाटत नाहीत. वाटतं ते असं, की प्रत्येक जण पुढच्या पायरीसाठी पाय उचलतोय आणि पायरी तिथे नाही. डाल्ट्रीला ही जोडणी मानवली नाही हे त्याने उघड सांगितलं. मला मात्र जोन्सची बाजू घ्यावीशी वाटते. मेलेल्या माणसाच्या जागी बसणं एक वेळ जमतं. पण त्या मेलेल्या माणसामुळे बाकीच्यांना लागलेल्या सवयींच्या जागी बसणं कुणालाच जमत नाही. सँडमवर वेळ आली ती पहिल्या अल्बमाच्या आधी, जोन्सवर आली ती अल्बमांची रांग लागल्यानंतर. दोघांनाही दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

१९९६ मध्ये झॅक स्टार्की आला. बीटल्सच्या रिंगो स्टारचा मुलगा, आणि लहानपणी घरी येणाऱ्या मूनकडून ड्रमसेट भेट मिळालेला. तो २०२५ पर्यंत या ना त्या रीतीने त्या स्टुलावर राहिला, म्हणजे मूनच्या दुप्पट काळ. २७ जून २००२ ला, अमेरिकेचा दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, एंटविसल वारला. चार दिवसांत पिनो पॅलाडिनो बेस घेऊन उभा राहिला आणि दौरा झाला. काहींना ते निष्ठुर वाटलं. मला पुण्याच्या किंवा नारायणगावच्या तमाशाच्या फडांतल्या माणसांना विचारावंसं वाटतं, की सुपारी घेतलेली असताना सोंगाड्या गेला तर ते काय करतात. बहुधा खेळ होतो.

मुंबईकडे पाहिलं तर हीच गोष्ट उलट्या बाजूने घडलेली दिसते. १९८४ साली तिथे 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. त्या काळी कॉलेजांच्या महोत्सवांत आणि रंगभवनात जमणाऱ्या पोरांना परदेशी बँडची गाणी हुबेहूब हवी असत. स्वतःचं गाणं सुरू केलं की आरडाओरड. परदेशी गिटारवर जबर आयातशुल्क, देशी म्हणाल तर कलकत्त्याची गिव्हसन. अशात त्यांनी स्वतःच्या गाण्यांचे दोन अल्बम काढले, १९८८ चा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० चा 'द सेकंड कमिंग'. त्याआधीच्या पिढीला हेही मिळालं नव्हतं. आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू भेंडे 'सॅव्हेज एन्काउंटर'मध्ये गायचा, 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'च्या मुंबईतल्या प्रयोगात जूडास झाला, 'तीन पैशांचा तमाशा'मुळे मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला. पण त्याच्या उमेदीतल्या त्या बँडांचा आवाज आज ऐकावा म्हटलं तर हाती फारसं काही लागत नाही. अल्बम नसला की जोडणी विरघळून जाते. म्हणून रॉक मशीनचे ते दोन अल्बम, ध्वनिमुद्रण कितीही साधं असो, मला ऐतिहासिक दस्तऐवजासारखे वाटतात.

आणि १९९३ मध्ये त्यांनी नऊ वर्षांचं नाव टाकून दिलं. 'इंडस क्रीड' झाले. संगीताचा रोख बदलत होता, आपल्या मातीतलं काही आत यावं असं वाटत होतं. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया ही माणसं तीच. नव्या नावाने 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, १९९५ ला अल्बम आला, आणि १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' नावाचा बँड काढला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर, बालापोरिया पुन्हा जमले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नवे आले. २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' निघाला, तो अनेक प्रसिद्ध ब्रिटिश-अमेरिकन बँडांचं काम केलेल्या टिम पामरने मिक्स केला. मी तो ऐकला तेव्हा पहिल्यांदा मला ड्रमच ऐकू आले. तरुण हात होते, आणि जुन्या तिघांनी त्यांना जागा करून दिली होती. केनी जोन्सला जे मिळालं नाही ते जय राव कवीला मिळालं, कारण मधल्या तेरा वर्षांत जुन्या सवयी पुसल्या गेल्या होत्या. विरामाचाही असा उपयोग असतो.

एका बँडने माणसं गेली तरी नाव धरलं, दुसऱ्याने माणसं धरून नाव सोडलं. आमच्या गावावरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही टोकांच्या शहरांची नावं गेल्या काही वर्षांत बदलली, त्यामुळे नाव बदललं की काय बदलतं यावर इथे चहाच्या टपरीवर बरीच चर्चा झालेली आहे. माझं मत विचाराल तर बँड नावातही नसतो आणि सुट्या माणसांतही नसतो. एकाने काय सोडून दिलं म्हणून दुसऱ्याला काय उचलावं लागलं, त्या देवाणघेवाणीत तो असतो. डॉसनने गाणं सोडलं, डाल्ट्रीने उचललं. मूनने लय सोडली, टाउनशेंडने उचलली. सुरुवातीचे अल्बम ऐकायचे ते यासाठी. तिथे हे उचलणं अजून घाईचं, उघडं, शिकाऊ असतं, आणि म्हणून स्पष्ट ऐकू येतं.

ज्याला हे पडताळून पाहायचं असेल त्याने १९७१ च्या 'हूज नेक्स्ट'मधलं पहिलं गाणं, 'बाबा ओ'रायली', लावावं. नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, ज्याने १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिष्यत्व पत्करलं. सुरुवातीला लॉवरी ऑर्गनचे स्वर एकटेच फिरत राहतात, एकाच आवर्तात, न थकता. बाबांच्या आयुष्याची माहिती यंत्राला पुरवून त्यातून सूर काढावेत अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती. ती तशी पार पडली नाही, हाताने वाजवलेला ऑर्गन उरला. मग पियानोचे ठाम स्वर येतात. मग मून. मग डाल्ट्रीचा आवाज आणि त्याखाली एंटविसल. गिटार बराच वेळ येतच नाही, आणि येते तेव्हा अख्खी जोडणी तुमच्यासमोर जमलेली असते, एकेक करून. शेवटी व्हायोलिन सुरू होतं आणि गाणं एखाद्या जत्रेसारखं धावत सुटतं. ते व्हायोलिन बँडमधल्या कुणाचंच नाही. ते वाजवलंय 'ईस्ट ऑफ ईडन' या बँडच्या डेव्ह आर्बसने, आणि त्याला बोलवावं ही कल्पना मूनची. मैफलीत दर वेळी आर्बस कुठून आणणार? म्हणून रंगमंचावर ती जागा डाल्ट्री माउथ ऑर्गनवर घेऊ लागला, आणि ज्यांनी तेच आधी ऐकलं त्यांना व्हायोलिन परकं वाटतं.